छोट्या गावाचा ठाणेदार, तीन चित्रपट : ‘फार्गो’, ‘हॉट फझ’ की ‘द लास्ट स्टँड’?

अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील एखादे आडबाजूचे गाव, जिथे वर्षानुवर्षे काही विपरीत घडलेले नाही. त्या गावाचा कायदा सांभाळणारा एक जाणता अधिकारी. आणि एके दिवशी बाहेरून चालून आलेली किंवा गावाच्याच पोटातून वर आलेली अशी हिंसा, की जिच्याकडे पाहताना अंगावर काटा येतो आणि त्याच क्षणी हसूही फुटते. या मांडणीचे चित्रपट इंग्रजीत सातत्याने येत राहिले आहेत. २०२५ च्या टोरंटो चित्रपट महोत्सवात दाखवलेला, बेन व्हीटली यांनी दिग्दर्शित केलेला आणि बॉब ओडेनकर्क यांची प्रमुख भूमिका असलेला ‘नॉर्मल’ हा त्याच वाटेवरचा. मिनेसोटातील एका लहान गावी हंगामी शेरीफ म्हणून आलेल्या माणसाची ती कथा आहे. त्याच्या निमित्ताने या प्रकाराकडे वळणाऱ्या प्रेक्षकाने आधीच्या चित्रपटांपैकी कोणता निवडावा, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, कारण वरून सारखे दिसणारे हे चित्रपट आतून एकमेकांपासून फार दूर आहेत. येथे त्यांतील तीन घेतले आहेत : जोएल आणि ईथन कोएन या बंधूंचा ‘फार्गो’ (१९९६), एडगर राइट यांचा ‘हॉट फझ’ (२००७) आणि किम जी-वून यांचा ‘द लास्ट स्टँड’ (२०१३).

आधी एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. मुंबईलाही शेरीफ असतो. सुनील गावसकर यांनी ते पद भूषवले आहे. परंतु ते वर्षभराचे, मानाचे पद आहे आणि कायदा-सुव्यवस्थेशी त्याचा काहीही संबंध नाही. अमेरिकेतील शेरीफ हा बहुतेक राज्यांत लोकांनी मतदान करून निवडलेला, एका काउंटीचा, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाचा, सर्वोच्च पोलीस अधिकारी असतो. त्याच्या हाताखाली डेप्युटी असतात, अनेक ठिकाणी तुरुंगही त्याच्याच ताब्यात असतो आणि पुढच्या निवडणुकीत त्याला त्याच गावकऱ्यांसमोर मते मागायची असतात. या तीन चित्रपटांपैकी अशा काटेकोर अर्थाने शेरीफ फक्त ‘द लास्ट स्टँड’मध्ये आहे. ‘फार्गो’ची मार्ज गंडरसन ही ब्रेनर्ड नावाच्या गावाची पोलीसप्रमुख आहे, तर ‘हॉट फझ’चा निकोलस एंजल हा लंडनहून बदली होऊन आलेला सार्जंट. तरीही तिघांचे काम एकच आहे. ज्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, त्या गावात खून झाल्यावर कोणाकडे आणि कशा नजरेने पाहायचे, हे त्यांना ठरवायचे आहे. त्यामुळे त्यांना एका रांगेत बसवणे योग्यच ठरते.

निवड करताना बहुतेक प्रेक्षक गोळीबार किती आणि विनोद किती, एवढेच विचारतात. माझ्या मते त्याहून उपयोगाचा प्रश्न वेगळा आहे : पडद्यावर माणूस मरतो तेव्हा चित्रपट त्या मृत्यूपाशी किती वेळ थांबतो? काळ्या विनोदाची जात या एका गोष्टीवरून ओळखता येते. ‘फार्गो’ त्या मृत्यूपाशी थांबतो आणि पुन्हा परतही येतो. ‘हॉट फझ’ मृत्यूची इतकी अतिशयोक्ती करतो की तो कोड्याचा एक तुकडा होऊन बसतो. ‘द लास्ट स्टँड’ एका मृत्यूपाशी थांबतो आणि उरलेल्या सर्वांवरून भरधाव निघून जातो. आपल्याला यांपैकी काय झेपेल आणि काय आवडेल, हे वाचकाला ठाऊक असले, तर निवडीचे अर्धे काम तेथेच होते.

‘फार्गो’ : बर्फ, सौजन्य आणि खून

१९८७ चा हिवाळा. मिनियापोलिसमध्ये सासऱ्याच्या मालकीच्या शोरूममध्ये गाड्या विकणारा जेरी लुंडेगार्ड पैशांच्या अडचणीत आहे. त्यातून सुटण्यासाठी तो दोन गुंडांना स्वतःच्याच बायकोचे अपहरण करायला सांगतो, म्हणजे श्रीमंत सासऱ्याकडून खंडणी उकळता येईल. गुंडांना तो ८० हजार डॉलरचा आकडा सांगतो आणि सासऱ्याला दहा लाखांचा. हा डाव ब्रेनर्डजवळच्या महामार्गावर पहिल्याच रात्री हाताबाहेर जातो, बर्फात तीन प्रेते पडतात आणि तेथून पुढे मार्जचा प्रवेश होतो. मार्ज सात महिन्यांची गरोदर आहे. पहाटे फोन वाजतो तेव्हा नवरा नॉर्म तिला तसेच जाऊ देत नाही, उठून अंडी करून देतो. चित्रपटाचा जवळजवळ एक तृतीयांश भाग उलटल्यावर नायिकेचे असे साधे आगमन घडवणे हे धाडसाचे आहे आणि ते पूर्णपणे साधले आहे.

घटनास्थळाचा प्रसंग या संपूर्ण प्रकारातील सर्वांत उत्तम प्रसंगांपैकी एक आहे, असे मी ठामपणे म्हणेन. पांढऱ्या मैदानात उलटलेली गाडी, एक प्रेत आत, दुसरे बाहेर बर्फात, थोड्या अंतरावर महामार्ग-पोलिसाचे तिसरे. मार्ज पावलांचे ठसे पाहते आणि एक मारेकरी धिप्पाड होता, दुसरा चणीने लहान होता, हे शांतपणे सांगून मोकळी होते. मध्येच ती बर्फात वाकते. सहकारी लू याला वाटते की तिला काही पुरावा सापडला, परंतु तिला केवळ गरोदरपणाची मळमळ झालेली असते आणि ती ओसरताच तिला पुन्हा भूक लागते. पुढे लू तिला सांगतो की मृत पोलिसाच्या नोंदवहीत गाडीच्या नंबराच्या जागी ‘डीएलआर’ अशी अक्षरे होती आणि त्या अक्षरांनी सुरू होणारा नंबर तो शोधतो आहे. ही अक्षरे म्हणजे डीलरची पाटी, गाडी शोरूममधून आलेली आहे, हे मार्जच्या ताबडतोब लक्षात येते. पण ते सांगताना ती लूचा पाणउतारा होऊ देत नाही. त्याच्या पोलिसी कामाशी आपण शंभर टक्के सहमत नाही, अशा मऊ शब्दांत ती चूक दुरुस्त करते. तपासाचा सगळा धागा या एका वाक्यातून सुटतो आणि मार्जचा स्वभावही त्याच वाक्यात पूर्ण कळतो.

या चित्रपटातील हसू येते ते सौजन्य आणि क्रौर्य एकमेकांना खेटून उभे राहिल्यामुळे. मिनेसोटातील स्कँडिनेव्हियन वळणाची इंग्रजी, प्रत्येक वाक्याला ‘या’ (म्हणजे ‘हो’) म्हणून होकार देण्याची सवय, समोरच्याला न दुखवण्याची धडपड हे सारे खुनाच्या तपासातही तसेच चालू राहते. जेरीचे दोन क्षण तर विसरता येत नाहीत. सासऱ्याने एका सौद्यात त्याला बाजूला सारल्यानंतर तो बर्फाने झाकलेल्या ओसाड पार्किंगमधून आपल्या गाडीपर्यंत चालत जातो, काचेवरचा बर्फ खरवडू लागतो, अचानक संतापाने खरवडणी आपटतो आणि मग काही पर्याय नाही हे उमगून पुन्हा खरवडायला लागतो. दुसरा क्षण अपहरणानंतरचा. आपल्याला त्याचा कापरा, रडवेला आवाज ऐकू येतो, बायको नाहीशी झाल्याचे तो सासऱ्याला सांगतो आहे असे वाटते. आणि मग दिसते की तो फोन लावण्याआधी त्या आवाजाची तालीम करत होता. विल्यम एच. मेसी यांनी रंगवलेला हा माणूस दुष्ट कमी आणि भेकड जास्त आहे, आणि म्हणूनच त्याच्या हातून घडलेले नुकसान अधिक अस्वस्थ करते. शोरूममध्ये गिऱ्हाइकाच्या माथी नको असलेला जादा खर्च मारण्याचा त्याचा प्रसंग तर गाडी विकत घेतलेल्या कोणत्याही मराठी कुटुंबाला आपला वाटेल.

रॉजर डीकिन्स यांचे छायाचित्रण येथे कथेइतकेच महत्त्वाचे आहे. आकाश आणि जमीन यांच्यातली रेघ बर्फात पुसली जाते, गाडी कोठून आली आणि कोठे गेली हे कळेनासे होते आणि माणसे त्या पांढऱ्या पोकळीत लहान दिसू लागतात. कार्टर बर्वेल यांचे संगीत एका नॉर्वेजियन लोकधुनेवर उभारलेले आहे. ही दोन्ही अंगे नीट अनुभवायची तर ‘फार्गो’ मोबाइलच्या पडद्यावर पाहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. प्रारंभी ‘ही सत्यकथा आहे’ अशी पाटी झळकते, ती अक्षरशः खरी मानू नये. लाकूड भरडण्याच्या यंत्राचा जो कुप्रसिद्ध प्रसंग आहे त्याला कनेटिकटमधील १९८६ च्या एका खुनाचा आधार आहे, परंतु ही कथा आणि ही माणसे कोएन बंधूंची निर्मिती आहे.

मध्यभागी मार्ज शाळेतल्या एका जुन्या मित्राला हॉटेलात भेटते. हा प्रसंग कथेशी संबंध नसलेला वाटतो आणि अनेक प्रेक्षक तेथे घड्याळाकडे पाहू लागतात. त्यांनी थोडा धीर धरावा. त्या मित्राने सांगितलेले खोटे होते, हे मार्जला नंतर कळते आणि त्यानंतरच ती एका सभ्य दिसणाऱ्या माणसाकडे पुन्हा चौकशीला जाते. चांगल्या माणसाला इतरांच्या खोटेपणाची कल्पना येण्यास वेळ लागतो, एवढे मोठे म्हणणे चित्रपटाने त्या अवघडलेल्या भेटीतून मांडले आहे.

फ्रान्सिस मॅकडॉर्मंड यांना या भूमिकेसाठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले आणि कोएन बंधूंना मूळ पटकथेसाठी. परंतु निवड करणाऱ्याने पारितोषिकांपेक्षा दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी : हा मारधाडपट नाही. हिंसा मोजकी, आकस्मिक आणि ओबडधोबड आहे. तिच्यात लय नाही आणि ती पाहताना रोमांच वाटत नाही. शेवटाकडे मार्ज पकडलेल्या गुन्हेगाराला गाडीतून नेताना, थोड्याशा पैशांसाठी इतके सगळे कशाला, असे खरोखरच न समजून विचारते. त्या प्रश्नाचा भार ज्याला पेलायचा नाही, त्याने त्या संध्याकाळी हा चित्रपट लावू नये.

‘हॉट फझ’ : नियमांचा माणूस आणि बक्षिसाचे गाव

‘हॉट फझ’कडे येताना पहिला फरक जाणवतो तो वेगाचा. लंडनमध्ये निकोलस एंजलची कामगिरी इतकी उत्तम आहे की बाकी सर्वांचे काम निकृष्ट दिसू लागते. म्हणून वरिष्ठ त्याची बढतीसह सँडफर्ड या खेड्यात बदली करतात. त्या गावाला आदर्श गावाचा पुरस्कार वारंवार मिळालेला आहे आणि तो टिकवणे हाच तेथील प्रतिष्ठितांचा ध्यास आहे. एंजल पोहोचल्याच्या रात्रीच दारूच्या गुत्त्यातील अल्पवयीन मुलांना जन्मतारखा विचारून बाहेर काढतो आणि दारूच्या नशेत गाडी हाकणाऱ्या एका तरुणाला कोठडीत टाकतो. तो तरुण आपला नवा सहकारी, शिवाय ठाण्याच्या प्रमुखाचा मुलगा आहे, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळते. त्यानंतर गावात एकामागून एक भीषण अपघात होऊ लागतात. ते अपघात नाहीत अशी शंका फक्त एंजलला येते.

या चित्रपटाचे खरे सामर्थ्य पटकथेच्या विणीत आहे. एडगर राइट आणि सायमन पेग यांनी पहिल्या तासात जी क्षुल्लक वाटणारी गोष्ट टाकली आहे, पळालेला हंस असो, कुंपणावरून उडी मारणे असो की एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या कोठारात सापडलेला गंजका समुद्री सुरुंग असो, ती दुसऱ्या तासात कामाला आल्याशिवाय राहत नाही. त्या शेतकऱ्याचा प्रसंग इंग्रजी सबटायटल्स लावून अवश्य पाहावा. त्याची बोली एंजलला उमगत नाही, म्हणून ठाण्यातला एक वयस्कर शिपाई त्याचे बोलणे समजावून सांगतो. पण त्या शिपायाचे बोलणेही कळत नाही, म्हणून दुसरा सहकारी पुन्हा ते सोपे करून सांगतो. एका चौकशीसाठी दोन दुभाषे लागतात आणि तिन्ही बाजू तितक्याच गंभीर असतात. मालवणात किंवा चंदगडकडे नव्याने बदली होऊन गेलेल्या शहरी अधिकाऱ्याला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

येथील विनोद दोन झऱ्यांतून येतो. एक झरा आहे अमेरिकी मारधाडपटांचा. एंजलच्या सहकाऱ्याची, डॅनीची, पोलीस म्हणजे काय याची कल्पना पूर्णपणे डीव्हीडींवरून बनलेली आहे आणि हवेत झेप घेत दोन्ही हातांनी कधी गोळ्या झाडल्या आहेत का, असे तो एंजलला मनापासून विचारत राहतो. दुसरा झरा आहे पोलिसी कामाच्या रुक्षपणाचा. जेवढ्या वेगवान संकलनाने इतर चित्रपट पाठलाग दाखवतात, तेवढ्याच वेगाने राइट हे फॉर्म भरणे, पेनाचे टोपण काढणे आणि शिक्का मारणे दाखवतात. या दोन्हींमुळे हसताना मनावर ओझे येत नाही. रक्त मात्र भरपूर आहे आणि काही मृत्यू अतिशय बीभत्स रीतीने दाखवले आहेत. विशेषतः चर्चच्या आवारातील एक प्रसंग पाहताना लहान मुले समोर असू नयेत.

गावाचे चित्रण करण्यात ‘हॉट फझ’ हा ‘फार्गो’च्याही पुढे जातो, असे मला वाटते. ब्रेनर्ड आपल्याला रस्ते, उपाहारगृह आणि मार्जचे घर एवढ्यापुरतेच भेटते. सँडफर्डमध्ये मात्र किराणा-सुपरमार्केटचा व्यवस्थापक, डॉक्टर, पाद्री, फुलवाली, गुत्त्याचे मालक-मालकीण, चौकात पुतळ्यासारखा उभा राहून पैसे मिळवणारा कलाकार, सर्वांना जागा आहे आणि सर्वांची एकमेकांत गुंतागुंत आहे. चित्रीकरण बहुतांशी सॉमरसेटमधील वेल्स येथे झाले, जे राइट यांचे स्वतःचे गाव. खेडे वाटावे म्हणून तेथील भव्य कॅथीड्रल संगणकाच्या साहाय्याने दृश्यांतून काढून टाकावे लागले. गाव स्वच्छ, देखणे आणि शिस्तीचे ठेवण्याच्या हट्टाची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न या चित्रपटाने हसत हसत पण नेमका विचारला आहे. त्याचे उत्तर येथे उघड करणे पाहणाऱ्यावर अन्याय ठरेल. टिमथी डाल्टन यांनी साकारलेला सुपरमार्केटचा व्यवस्थापक, दर वाक्यात गुन्ह्याची जणू कबुलीच देत आहे अशा थाटात बोलतो, हे मात्र आधी सांगायला हरकत नाही.

उणीव सांगायची तर लांबीची. १२१ मिनिटांपैकी शेवटचा गोळीबार गरजेपेक्षा अधिक चालतो, आणि जे अमेरिकी मारधाडपट डोळ्यांसमोर ठेवून ही गंमत रचली आहे ते ज्याने पाहिलेले नाहीत, त्याला त्यातील काही भाग केवळ गोंगाट वाटण्याची शक्यता आहे.

‘द लास्ट स्टँड’ : वय झालेला शेरीफ आणि भरधाव गाडी

अर्नॉल्ड श्वार्झनेगर २००३ ते २०११ या काळात कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. त्यानंतरची त्यांची पहिली प्रमुख भूमिका म्हणजे ॲरिझोनातील सॉमरटन जंक्शन या सरहद्दीवरील गावाचा शेरीफ रे ओवेन्स. लॉस एंजेलिसच्या अमली पदार्थविरोधी पथकात हयात घालवून, रक्तपाताला कंटाळून तो येथे येऊन राहिला आहे. लास व्हेगासमध्ये एफबीआयच्या ताब्यातून एक मेक्सिकन टोळीप्रमुख निसटतो, खास बदल केलेली कॉर्व्हेट ही वेगवान गाडी घेऊन सीमेकडे सुसाट निघतो आणि त्याच्या वाटेवर शेवटचे गाव असते सॉमरटन. ओवेन्सकडे आहेत मोजकेच डेप्युटी, कोठडीत बसलेला एक माजी सैनिक आणि जुन्या बंदुकांचा संग्रह बाळगणारा एक विक्षिप्त गावकरी. कथा एवढीच आहे, आणि ती लपवण्याचा प्रयत्न चित्रपट करत नाही.

दिग्दर्शक किम जी-वून हे दक्षिण कोरियातील मान्यवर नाव. हा त्यांचा पहिला हॉलीवूडपट. त्यांची करामत दिसते ती शेवटच्या टप्प्यातील मक्याच्या शेतातल्या पाठलागात. दोन शक्तिशाली गाड्या उंच पिकात शिरतात, एकमेकींना दिसेनाशा होतात, थांबतात, कान देऊन एकमेकींचे इंजिन ऐकतात आणि पुन्हा झेपावतात. वेगावर आधारलेल्या चित्रपटात वेग काढून घेऊन निर्माण केलेला हा तणाव खरोखर कल्पक आहे. गोळीबार चालू असतानाही उपाहारगृहातली आपली जागा न सोडणारे म्हातारे आणि आपल्या खोलीत घुसलेल्या गुंडाला शांतपणे टिपणारी आजीबाई हे त्यातले चांगले विनोद. श्वार्झनेगर स्वतःच्या वयाला हसू देतात. दारातून आपटून आत पडल्यावर कसे वाटते असे विचारताच त्यांचा शेरीफ ‘म्हातारे’ एवढेच उत्तर देतो. चित्रपट आला तेव्हा ते ६५ वर्षांचे होते आणि त्या एका शब्दात त्यांनी कसलाही आव आणलेला नाही.

तथापि या चित्रपटाबद्दल माझा मोठा आक्षेप आहे. मधल्या भागात एका तरुण सहकाऱ्याचा मृत्यू होतो आणि त्या ठिकाणी काही मिनिटे चित्रपट गंभीर होतो. ओवेन्स आपण काय पाहिले आहे आणि पुढे काय वाढून ठेवले आहे हे सांगतो, आणि आपल्याला वाटते की आता या हिंसेला वजन येणार. तसे होत नाही. त्यानंतर बंदुकांच्या संग्रहातून शस्त्रे वाटली जातात आणि मरणारी माणसे मोजण्याच्याही लायकीची राहत नाहीत. हा चित्रपट जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा सँडी हूक शाळेतील गोळीबाराला जेमतेम महिना उलटला होता. त्या पार्श्वभूमीवर शाळेच्या बसमध्ये मशीनगन लावून केलेल्या गोळीबाराला टाळ्या मिळवण्याचा प्रयत्न आजही मला खटकतो. चित्रपट त्या घटनेपूर्वीच तयार झाला होता हे खरे, परंतु पाहणाऱ्याच्या मनात ती जवळीक उमटतेच. तिकीटबारीवरही अमेरिकेत तो चालला नाही.

समोरासमोर ठेवल्यावर

तुलनेला एक विलक्षण दुवा आहे. ‘फार्गो’तील जवळजवळ मुका, थंड मारेकरी आणि ‘द लास्ट स्टँड’मधील टोळीप्रमुखाचा हस्तक, दोन्ही भूमिका पीटर स्टॉर्मेअर यांनीच केल्या आहेत. पहिल्यात त्यांचे मौन भीतिदायक आहे, कारण त्या माणसाच्या आत काय चालले आहे याचा थांग लागत नाही आणि मार्जलाही तो शेवटपर्यंत लागत नाही. दुसऱ्यात तेच अभिनेते बडबडे, भडक खलनायक आहेत. ते येतात, धमकावतात आणि अपेक्षेप्रमाणे जातात. खलनायक समजून घ्यावा की संपवावा, या बाबतीत दोन चित्रपटांची वाट कोठे फुटते, हे यांवरून स्पष्ट होते.

अधिकाऱ्याच्या घराचा विचार केला तरी असेच काही हाती लागते. मार्जला घर आहे : नॉर्म बदकांची चित्रे काढतो, त्यांतले एक टपाल तिकिटासाठी निवडले जाते, आणि दिवसभर प्रेते पाहून आलेली बायको त्या तिकिटाचा आनंद मनापासून साजरा करते. तिचा समतोल कोठून येतो याचे उत्तर त्या शयनगृहात आहे. एंजलचे प्रेमसंबंध कामापायी तुटलेले आहेत, सोबत एक कुंडीतले रोप आहे, आणि त्याची गोष्ट म्हणजे डॅनीशी जुळलेल्या मैत्रीतून माणसांत येण्याची गोष्ट. ओवेन्सला कर्तव्यापलीकडे काहीच दिलेले नाही. त्यामुळे तो हरला तर त्याचे काय जाईल, हे आपल्याला कळत नाही आणि त्याची काळजीही बेताचीच वाटते.

म्हणून माझी शिफारस अशी. एकच चित्रपट पाहायचा असेल आणि प्रेक्षक प्रौढ, धीराचा असेल, तर कसलाही विचार न करता ‘फार्गो’ निवडावा. ९८ मिनिटांत तो जे देतो ते बाकीच्या दोघांना मिळूनही जमलेले नाही. तो एकट्याने किंवा दोघांनी पाहावा, कारण घोळक्यात त्यातील शांतता टिकत नाही. त्यात एक-दोन लैंगिक प्रसंगही आहेत, ते घरच्या वडीलधाऱ्यांसमोर अवघड वाटू शकतात. मित्रमंडळी जमली असतील, इंग्रजी सबटायटल्स वाचायला कोणाची ना नसेल आणि कोडे सोडवण्याची आवड असेल, तर ‘हॉट फझ’. दुसऱ्यांदा पाहताना तो अधिक रंगतो, हा गुण इतर दोघांत या प्रमाणात नाही. कॉलेजात जाणारी मुले घरात असतील तर त्यांच्यासाठी मी हाच सुचवेन. शिव्या आणि रक्त यांची कल्पना मात्र आधी द्यावी. ‘द लास्ट स्टँड’ हा ज्यांना श्वार्झनेगर मनापासून आवडतात आणि ज्यांना १०७ मिनिटे गाड्या व गोळीबार याखेरीज काही नको आहे, त्यांच्यापुरता. ‘फार्गो’ पाहिल्यावर लगेच तो लावण्याची चूक करू नये, त्याचे सगळे दोष उघडे पडतील. उलट क्रमाने, आधी ‘द लास्ट स्टँड’ आणि नंतर ‘फार्गो’ पाहिला तर स्टॉर्मेअर यांच्या दोन भूमिकांमधील अंतर मात्र फार चांगले कळते.

तिन्ही पाहून झालेल्यांनी २०२० चा ‘द वुल्फ ऑफ स्नो हॉलो’ शोधावा. जिम कमिंग्ज यांनी तो लिहिला, दिग्दर्शित केला आणि त्यात प्रमुख भूमिकाही केली. बर्फाळ युटामधील एका गावात म्हाताऱ्या, आजारी शेरीफचा मुलगा खुनांचा तपास करतो आहे, गावाला वाटते की हे लांडग्यासारख्या कोणा प्राण्याचे काम आहे, आणि या तपासात त्याचा स्वतःवरचा ताबा सुटत जातो. त्यात मारधाड थोडी आणि भयाची छटा जास्त आहे. शेरीफची भूमिका रॉबर्ट फॉर्स्टर यांची, आणि ती त्यांच्या अखेरच्या भूमिकांपैकी आहे. निवृत्तीची वेळ उलटूनही खुर्ची न सोडणारा बाप आणि त्याच्याच नजरेत सिद्ध होण्यासाठी धडपडणारा मुलगा यांच्यातले प्रसंग फॉर्स्टर यांनी ज्या संयमाने केले आहेत, तेवढ्यासाठीही तो पाहण्यासारखा आहे.